नेपाळला माल पाठवायचाय? पहिल्या चौकशीपासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत

नेपाळला समुद्र नाही. उत्तरेला चीन आणि मध्ये हिमालय, उरलेल्या तिन्ही बाजूंना भारत. त्यामुळे त्या देशाचा बहुतेक व्यापार आपल्याशी किंवा आपल्या जमिनीवरून होतो. मोकळी सीमा, रुपयांत व्यवहार आणि हिंदीतून बोलणी हे सगळं सोयीचं असल्यामुळे आपल्याकडचे लघुउद्योजक नेपाळची ऑर्डर घेताना ती इंदूर किंवा रायपूरची असावी तशी घेतात. गाडी भरतात, बिल्टी फाडतात आणि ड्रायव्हरला बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलचा पत्ता देतात. पुढे गाडी सीमेवर उभी राहिली, की रोजचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचं भाडं, चालू होतं.

नेपाळची निर्यात अवघड नाही. मात्र एकच ट्रक अर्ध्या दिवसात दोन देशांच्या कस्टम्ससमोर जातो, आणि दोन्हीकडचे कागद वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या शहरांत बसून केलेले असतात. ते एकमेकांशी जुळवण्याचं काम गाडी भरण्याआधी करायचं असतं. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी आयातदार तपासा, मग दर सांगा

ऑर्डर आली की पहिला प्रश्न हा, की समोरच्याला हा माल नेपाळमध्ये कायदेशीर आयात करता येतो का. त्याच्याकडे नेपाळचा पॅन, व्हॅटची नोंदणी आणि तिथल्या भन्सार विभागाचा, म्हणजे सीमाशुल्क विभागाचा, एक्झिम कोड हवा. या तिन्हीच्या प्रती मागा. खरा आयातदार अशा मागणीला बिचकत नाही. 'आमचा माणूस सीमेवर बघून घेईल' असं उत्तर आलं, तर तो व्यवहार सोडलेला बरा.

दुसरा प्रश्न मालाचा. कपडे, भांडी, प्लॅस्टिकच्या वस्तू, यंत्रांचे भाग यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही. औषधांना नेपाळच्या औषध व्यवस्था विभागाची नोंदणी लागते आणि तिला वेळ लागतो. खाद्यपदार्थ त्यांच्या खाद्य गुणनियंत्रण विभागाच्या कक्षेत येतात. भाजी, फळं, बियाणं, रोपं यांच्यासाठी आयातदाराने तिथल्या प्लांट क्वारंटाईनची परवानगी आधी काढायची आणि आपण इकडून फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र घ्यायचं. हा क्रम उलटा झाला तर प्रमाणपत्रात त्यांच्या परवानगीतल्या अटी उतरत नाहीत.

शेतमालाच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं, कारण नियम दोन्हीकडून रातोरात बदलतात. २०१९ च्या जूनमध्ये नेपाळने भारतीय भाजी-फळांना कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी सक्तीची केली. नाक्यांवर पुरेशा प्रयोगशाळा नव्हत्या आणि नाशवंत मालाच्या गाड्या रांगेत अडकल्या. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यांनी कांद्या-बटाट्यावर १३ टक्के व्हॅट लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या सरकारने कांद्याची निर्यातच बंद केली. नाशिकच्या व्यापाऱ्याला यातलं काही नवीन नाही. गहू, तांदूळ, साखर, कांदा यांचा सौदा करण्याआधी त्या दिवशीची डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची, अधिसूचना उघडून पाहा. महिन्याभरापूर्वीची माहिती इथे कामाची नाही.

नेपाळी परवान्यांवरच्या तारखा बहुधा विक्रम संवतातल्या असतात. त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलतं आणि आपल्या इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षं पुढे चालतं. परवान्याची मुदत इंग्रजी तारखेत लिहून मागा.

एचएस कोड दोघांनी मिळून ठरवा

एचएस कोड म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. पुढचे दोन भारत आपल्या सोयीने लावतो, नेपाळ त्याच्या. म्हणजे आपला आठ अंकी कोड जसाच्या तसा तिकडे चालेलच असं नाही, पण पहिले सहा जुळलेच पाहिजेत. आपल्या बिलावर 'पंपाचे भाग' आणि त्यांच्या प्रज्ञापन पत्रात, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रात, 'रबरी वस्तू' असं झालं, की भन्सारचा अधिकारी गाडी बाजूला घेणारच.

म्हणून भाव पक्का करण्याआधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे सौद्याआधीचं नमुना बिल, पाठवा. त्यात प्रत्येक वस्तूपुढे सहा अंकी कोड लिहा आणि आयातदाराला त्याच्या भन्सार एजंटकडून तो तपासून घ्यायला सांगा. एजंट त्याच वेळी शुल्काचा दरही सांगेल. आपल्याला तो दर भरायचा नसतो, पण माहीत हवा, कारण आपला माल तिकडे कितीला पडतो यावर पुढची ऑर्डर येणार की नाही हे ठरतं.

आकडेमोड साधी आहे. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. समजा माल ५,००,००० भारतीय रुपयांचा, भाडं आणि विमा मिळून २५,०००. मूल्य झालं ५,२५,०००, म्हणजे ८,४०,००० नेपाळी रुपये. सीमाशुल्क १५ टक्के धरलं (हा दर फक्त उदाहरणासाठी), तर १,२६,०००. या दोन्हींची बेरीज ९,६६,०००, आणि तिच्यावर १३ टक्के व्हॅट, म्हणजे १,२५,५८०. आयातदार सीमेवर २,५१,५८० नेपाळी रुपये भरणार. काही वस्तूंवर मध्ये अंतःशुल्कही (एक्साइज) येतं आणि व्हॅट त्याच्यासकट मोजला जातो. व्हॅट त्याला पुढे वळता करून घेता येतो, पण तेवढे पैसे आज खिशातून जातातच. 'नेपाळी व्यापारी उधारी फार मागतो' अशी आपल्याकडे तक्रार असते, तिचं निम्मं उत्तर या हिशोबात आहे.

भारतीय बनावटीच्या मालाला नेपाळ व्यापार करारानुसार शुल्कात थोडी सवलत देतो. प्राथमिक शेतमालाला तर दोन्ही देशांनी परस्परांना मूळ सीमाशुल्क माफ केलं आहे, मात्र नेपाळ काही शेतमालावर कृषी सुधार शुल्क नावाचा वेगळा आकार घेतो, तो विसरू नका. सवलतीसाठी माल भारतात तयार झालेला हवा. मुंबईच्या घाऊक बाजारातून चिनी माल उचलून नेपाळला पाठवला, तर तिकडे तो तिसऱ्या देशाचा माल ठरतो, सवलत जाते आणि आयातीच्या अटीही बदलतात. मूळ देशाचं प्रमाणपत्र डीजीएफटीच्या पोर्टलवरून ऑनलाइन काढता येतं. आयातदाराने मागितलं नसलं तरी काढून ठेवा.

आपल्या बाजूची नोंदणी

आयईसी, म्हणजे डीजीएफटीकडून मिळणारा आयात-निर्यातदाराचा क्रमांक, लागतो. नेपाळसाठी एका खेपेचं मूल्य २५,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यातून सूट आहे, पण ती सीमेवरच्या किरकोळ व्यापारासाठी. धंदा करायचा तर आयईसी काढाच. बँकेचा एडी कोड (परकीय व्यवहार सांभाळणाऱ्या आपल्या बँक शाखेचा क्रमांक) कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर, ज्या नाक्यातून माल जाणार त्या नाक्यासाठी नोंदवा. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराला आधी नोंदवलेला असला तरी रक्सौलला वेगळा नोंदवावा लागतो, आणि नवखे लोक इथेच दोन-तीन दिवस घालवतात.

जीएसटीबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे, की रुपयांत पैसे आले तर ती निर्यात धरत नाहीत. मालाच्या बाबतीत हे चूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत असेल तर नेपाळ-भूतानला रुपयांत विकलेला मालही शून्य दराची निर्यातच असते, आणि त्यासाठी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, चालतं, हे २०१७ मध्येच परिपत्रक काढून स्पष्ट केलेलं आहे. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं. ते नको असेल तर आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून परतावा मागायचा. पहिल्या वर्षी एलयूटी घ्या असं माझं मत आहे. परताव्यात पैसा अडकला की लहान कारखान्याचं कंबरडं मोडतं.

ड्रॉबॅक (निर्यातीच्या मालात वापरलेल्या वस्तूंवरच्या शुल्काचा परतावा) आणि इतर सवलती रुपयांतल्या व्यवहाराला लागू आहेत का, हे आपल्या वस्तूसाठी सीएचएकडून, म्हणजे आपल्या कस्टम्स एजंटकडून, लेखी घ्या. तोंडी 'मिळेल हो' वर भाव कमी करू नका.

पैसे कुठून येणार?

नेपाळकडून रुपयांत पैसे घेण्याचे मार्ग तीन: आगाऊ रक्कम, बँकेमार्फत कागदपत्रं पाठवून वसुली आणि एलसी, म्हणजे आयातदाराच्या बँकेचं हमीचं पतपत्र. नव्या गिऱ्हाईकाकडून निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली गाडी नाक्यावर पोचल्यावर, कागद सोडण्याआधी, ही पद्धत लहान खेपेला बरी पडते. मोठ्या खेपेला रुपयांतली एलसी घ्या. बँकेचं कमिशन जातं, पण झोप लागते.

पैसे आयातदाराच्या नेपाळमधल्या बँकेतून आपल्या बँकेत, निर्यातीचे पैसे म्हणून यायला हवेत. प्रत्यक्षात होतं असं, की आयातदाराचा मेहुणा गोरखपूरला दुकान चालवतो आणि 'पैसे त्याच्याकडून घ्या, उद्याच मिळतील' असा निरोप येतो. पैसे खरोखर उद्याच मिळतात. पण ते भारतातल्या खात्यातून भारतातल्या खात्यात आलेले असतात, त्यामुळे बँक त्यांना निर्यातीची वसुली मानत नाही, ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला, निघत नाही, आणि शिपिंग बिल (कस्टम्सकडे केलेली निर्यातीची घोषणा) बँकेच्या यादीत वर्षानुवर्षं थकबाकी म्हणून राहतं. रोखीचंही तेच. गिऱ्हाईक कितीही जवळचं असलं तरी या दोन्हीला नाही म्हणा.

नेपाळमध्ये भारतीय रुपया हे परकीय चलनच आहे. तिथली केंद्रीय बँक, नेपाळ राष्ट्र बँक, डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते. तिच्याकडची गंगाजळी आटली की आयातीवर बंधनं येतात. एप्रिल २०२२ मध्ये नेपाळने दहा प्रकारच्या वस्तूंची आयात थांबवली होती, ती बंदी डिसेंबरात उठली. त्याच सुमारास कित्येक वस्तूंच्या एलसीला मोठी रोख रक्कम आगाऊ भरायची अट होती. आपला माल चैनीच्या यादीत बसण्यासारखा असेल तर अशा बातम्यांवर लक्ष ठेवा.

नाका निवडताना

आयातदाराचं गोदाम कुठे आहे त्यावर नाका ठरतो. काठमांडू आणि मध्य नेपाळसाठी रक्सौल–वीरगंज, सगळ्यात मोठा. बुटवल, पोखरा, पश्चिमेकडच्या भागासाठी सोनौली–भैरहवा, गोरखपूरवरून. नेपाळगंजला रुपईडीहा. पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्याला जोगबनी–विराटनगर. अगदी पूर्वेला सिलिगुडीजवळचं पानीटंकी–काकडभिट्टा, अगदी पश्चिमेला बनबसा.

रक्सौल, जोगबनी आणि रुपईडीहा इथे एकात्मिक तपासणी नाके आहेत: पार्किंग, वजनकाटा, गोदाम, कस्टम्स आणि क्वारंटाईन एका आवारात. पहिली खेप शक्यतो अशाच नाक्यातून काढा, भले आयातदाराला दुसरा नाका थोडा जवळ पडत असला तरी. लहान नाक्यांवर क्वारंटाईनचा अधिकारी रोज असेलच असं नाही, आणि प्रत्येक वस्तू प्रत्येक नाक्यातून जाऊही देत नाहीत.

माल कंटेनरभर आणि जड असेल तर रेल्वेचा विचार करा. वीरगंजजवळ सिर्सियाला रेल्वेने जोडलेलं कोरडं बंदर (ड्राय पोर्ट) आहे, आणि २०२१ पासून खासगी कंटेनर कंपन्यांनाही त्या मार्गावर गाड्या चालवता येतात. पण अर्धा ट्रक मालासाठी हा खटाटोप करू नये.

कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणम बंदरांतून तिसऱ्या देशांचा माल इलेक्ट्रॉनिक कुलूप लावून याच नाक्यांमधून नेपाळला जातो. त्याला ट्रान्झिट म्हणतात आणि त्याची कागदपत्रं पूर्ण वेगळी. आपला एजंट निर्यातीची कामं करणारा आहे की फक्त ट्रान्झिटची, हे आधी विचारा.

कागद: एक बिल जवळून

समजा स्टीलच्या डब्यांची गाडी आहे. बिलावर माल घेणाऱ्याचं नाव एक्झिम कोडमध्ये आहे अगदी तसंच, 'प्रा. लि.' सकट. एलसी असेल तर तिच्यातलं मालाचं वर्णन शब्दशः. प्रत्येक ओळीत वस्तू, आकार, एचएस कोड, नग, निव्वळ वजन, दर. खाली एकूण नग, एकूण खोकी, निव्वळ आणि ढोबळ वजन. चलन स्पष्ट शब्दांत 'भारतीय रुपये', कारण नुसत्या 'रुपये'चा अर्थ सीमेपलीकडे दुसरा होतो आणि किंमत दीडपटीहून जास्त इकडे-तिकडे होते. मूळ देश भारत. भाडं आणि विमा वेगळ्या ओळीत. त्या ओळी नसल्या तर भन्सार स्वतःच्या अंदाजाने आकडा धरतो.

पॅकिंग लिस्टमध्ये खोक्यांना क्रमांक द्या आणि तेच क्रमांक खोक्यांवर ठळक लिहा. तपासणीला अधिकाऱ्याने सतरावं खोकं काढायला सांगितलं, तर हमालाला ते दोन मिनिटांत सापडलं पाहिजे. ते सापडेना की सगळी गाडी उतरवली जाते, आणि परत भरायची मजुरी आपल्या माथी.

वजन खरं लिहा. गाडी दोन्हीकडच्या काट्यांवर चढते. पुठ्ठ्याचं आणि पॅलेटचं वजन धरलं नाही म्हणून बिल आणि काटा यांत फरक पडतो, आणि फरक दिसला की संशय येतोच.

या बिलासोबत लागतं ते असं: पॅकिंग लिस्ट, बिल्टी, विम्याची प्रत, मूळ देशाचं प्रमाणपत्र, एलयूटीची प्रत, मालाप्रमाणे लागणारी प्रमाणपत्रं आणि ई-वे बिल (जीएसटीच्या पोर्टलवरून निघणारा मालवाहतुकीचा परवाना). ई-वे बिलात खरेदीदाराचं राज्य 'इतर देश' आणि पिनकोड ९९९९९९ टाकायचा, पण माल पोचवण्याचा पत्ता नाक्याचा. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसही.

सगळे कागद गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी पीडीएफ करून दोन्ही एजंटांना एकाच मेलमध्ये पाठवा. रक्सौलचा सीएचए आणि वीरगंजचा भन्सार एजंट एकमेकांना ओळखत असतात. चूक कागदावर असतानाच त्यांना दिसली तर फोनवर सुटते.

आयातदार कधीकधी 'कस्टमसाठी बिल कमी रकमेचं बनवा, बाकीचे वेगळे देतो' असं सुचवतो. भन्सारकडे वस्तूंच्या नेहमीच्या किमतींची नोंद असते, ते मूल्य वाढवून धरतात आणि दंडही लावतात. तो दंड त्याचा. आपल्याकडे मात्र कस्टम्सला सांगितलेली किंमत आणि खात्यात आलेले पैसे जुळत नाहीत, आणि ते प्रकरण परकीय चलनाच्या कायद्याखाली आपल्यावरच येतं.

नाक्यावर काय घडतं

गाडी आवारात शिरते, वजन होतं, सीएचए निर्यातीची घोषणा ऑनलाइन दाखल करतो. कायद्याच्या भाषेत जमिनीवरच्या निर्यातीला बिल ऑफ एक्सपोर्ट म्हणतात, पण बोलताना सगळे शिपिंग बिलच म्हणतात. गरज वाटली तर अधिकारी माल पाहतो आणि मग निर्यातीची परवानगी, एलईओ, मिळते. त्यानंतर गाडी पलीकडे जाते. तिकडे आयातदाराचा एजंट प्रज्ञापन पत्र भरतो, शुल्क भरलं जातं, तपासणी होते, गाडी सुटते. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, इतकाच काय तो परदेश.

करारात माल कुठपर्यंत आपला हे लिहिलेलं असावं. पहिल्या काही खेपा 'एफओआर रक्सौल' धरा: नाक्यापर्यंत भाडं आणि जोखीम आपली, पुढे त्याची. काठमांडूपर्यंत पोचवून द्यायची तयारी असेल तर विमा सीमेपाशी संपत नाही ना, हे पॉलिसीत वाचून घ्या. पावसाळ्यात दरडी कोसळून तिकडचे रस्ते बंद पडतात, तेव्हाचं हॉल्टिंग कोण देणार तेही लिहा. आणि शुल्कासकट दारात पोचवण्याचा, डीडीपीचा, शब्द कधीच देऊ नका. नेपाळमध्ये आपली नोंदणीच नाही, तिथला कर आपण भरणार कसा?

सीमा बंद पडण्याचं कलमही घाला. १९८९ मध्ये व्यापार आणि ट्रान्झिटचे करार संपल्यावर बहुतेक नाके बंद झाले होते. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढचे काही महिने वीरगंजच्या नाक्यावर वाहतूक जवळजवळ थांबलेली होती, आणि चीनकडचा तातोपानीचा रस्ता त्याच वर्षीच्या भूकंपाने आधीच तोडला होता. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनातही गाड्या सीमेवर खोळंबल्या. गाडी अमुक दिवसांहून जास्त अडली तर दुसरा नाका वापरायचा का, माल परत आणायचा का आणि खर्च कसा वाटायचा, एवढ्या तीन ओळी पुरतात.

वेळेचंही गणित ठेवा. दसैं आणि तिहार, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास, तिकडे बरेच दिवस कामकाज मंदावतं आणि त्याआधी नाक्यांवर गर्दी उसळते. सणाचा माल सणाच्या दीड-दोन महिने आधी काढा. नेपाळचा अर्थसंकल्प मेच्या अखेरीस येतो आणि शुल्कातले काही बदल लगेच लागू होतात. त्या आठवड्यात गाडी रस्त्यावर असू नये.

गाडी गेली, फाइल उघडीच

सीएचएकडून एलईओ झालेल्या बिलाची प्रत घ्या आणि माल प्रत्यक्ष सीमेपार गेल्याची नोंद, म्हणजे ईजीएम, झाली का हे आइसगेटवर स्वतः पाहा. जमिनीवरच्या नाक्यांतून ही नोंद राहून जाण्याचं प्रमाण बंदरांपेक्षा जास्त असतं. जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात, शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख आणि नाक्याचा कोड भरा. इन्व्हॉइस क्रमांक दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहा. एका ठिकाणी आडवी रेघ आणि दुसऱ्या ठिकाणी तिरकी असली, तरी आयजीएसटीचा परतावा अडतो.

आयातदाराकडून सुटलेल्या प्रज्ञापन पत्राची प्रत मागून घ्या. माल तिकडे पोचला याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा, आणि तिकडे कोणता कोड, कोणतं मूल्य धरलं हेही त्यावरून कळतं. पुढच्या खेपेचं बिल त्यावर बेतायचं. पैसे आले की बँकेला शिपिंग बिलाचा क्रमांक देऊन जुळणी करायला सांगा, ई-बीआरसी काढा आणि बँकेच्या यादीतून ते बिल बंद झाल्याची खात्री करा. ती झाल्याशिवाय त्याच गिऱ्हाईकाची दुसरी गाडी भरू नका.